आधी नोकरीचे तास सिद्ध करा, मग घरांचे: 'रिअल इस्टेट प्रोफेशनल'च्या ऑडिटची टप्प्याटप्प्याने तयारी

अमेरिकेत नोकरी सांभाळून दोन-चार घरं भाड्याने दिलेल्या आपल्या लोकांना आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) नोटीस आली, की बहुतेक जण लगेच एक्सेल उघडतात आणि घरांसाठी किती तास घातले ते आठवून लिहायला बसतात. वर्षाला ७५० तासांचा आकडा गाठला की सुटलो, असं वाटतं. प्रत्यक्षात 'रिअल इस्टेट प्रोफेशनल' असल्याचे अनेक दावे ७५० वर पडत नाहीत. ते पडतात नोकरीच्या तासांवर, कारण त्या तासांचा पुरावा कोणी गोळाच केलेला नसतो. म्हणून हा लेख नोकरीपासून सुरू होतो.

नियम थोडक्यात. भाड्याच्या घरातला तोटा, घसारा धरून, पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही; अंतर्गत महसूल कायद्याचं कलम ४६९ त्याला 'पॅसिव्ह', म्हणजे स्वतः न राबता चालणाऱ्या धंद्यातला, तोटा मानतं. २५,००० डॉलरपर्यंतची एक सवलत आहे, पण उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की ती घटत जाते आणि दीड लाखाला संपते. दोघं कमावणाऱ्या आयटीतल्या कुटुंबाला तिचा उपयोग क्वचितच होतो. उरतो तो 'रिअल इस्टेट प्रोफेशनल'चा मार्ग. त्यासाठी नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकाने एकट्याने दोन्ही अटी पुऱ्या करायच्या असतात: रिअल इस्टेटच्या कामात वर्षाला ७५० हून जास्त तास, आणि त्या वर्षी सगळ्या नोकरी-धंद्यांत मिळून जितके तास काम केलं त्याच्या निम्म्याहून जास्त तास रिअल इस्टेटमध्ये. या दोन अटींसाठी दोघांचे तास एकत्र करता येत नाहीत.

दुसरी अट नीट समजून घ्या. बायको आठवड्याला २० तासांची अर्धवेळ नोकरी ४८ आठवडे करत असेल, तर तिचे नोकरीचे तास ९६०. तिला ७५० पुरत नाहीत, ९६० च्या वर जावं लागतं.

## १. नोटीस आणि रिटर्न समोर ठेवा

कागद जमवायला धावण्याआधी तीन गोष्टी एका कोऱ्या पानावर लिहा: कोणतं वर्ष तपासलं जातंय, उत्तराची शेवटची तारीख कोणती, आणि दावा कोणाच्या नावावर आहे. तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. संयुक्त रिटर्नमध्ये प्रोफेशनल कोण हे ठळकपणे कुठे लिहिलेलं नसतं, आणि रिटर्न भरणाऱ्याने कोणाला धरलं होतं हे घरात कोणालाच आठवत नाही. त्याला विचारा. रिटर्नमधल्या शेड्यूल ई (भाड्याच्या उत्पन्नाचा तक्ता) वरची ओळ ४३ भरलेली आहे का, तेही बघा.

मग सगळ्यात महत्त्वाचा कागद शोधा: सगळी घरं मिळून एकच व्यवसाय धरावा, असं रिटर्नसोबत जोडलेलं निवेदन. प्रोफेशनल ठरल्यावरही भाड्याच्या कामात तुमचा प्रत्यक्ष सहभाग दाखवावा लागतो, आणि त्याची नेहमीची कसोटी ५०० तासांची आहे. या सहभागासाठी मात्र नवरा-बायकोचे तास एकत्र धरता येतात. निवेदन नसेल तर प्रत्येक घराचा सहभाग वेगवेगळा मोजला जातो. चार घरं असतील तर तिथेच दावा अडकतो.

तपासा: निवेदन सापडलं नाही, पण दरवर्षी रिटर्न सगळी घरं एकत्र धरूनच भरलं असेल, तर 'रेव्हेन्यू प्रोसीजर २०११-३४' खाली उशिरा निवड करता येते. हे काम सीपीए (सनदी लेखापाल), एनरोल्ड एजंट (आयआरएसपुढे बाजू मांडायचा परवाना असलेला सल्लागार) किंवा टॅक्सच्या वकिलाकडूनच करून घ्या, आणि ऑडिटला उत्तर देण्याआधी त्यांना विचारा.

सावधान: ज्या व्यक्तीच्या नावाने दावा आहे ती त्या वर्षी एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर), ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) होती का? '७५० तास सक्रिय व्यवस्थापन केलं' असं सहीनिशी लिहिण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

## २. नोकरीचे तास: पुरावा मालकाकडून आणा

डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेल्या वार्षिक पगाराच्या फॉर्मवर) पगार असतो, तास नसतात. म्हणून आयआरएसचा तपासनीस पे-स्टब (पगाराची पावती) मागतो. पगारी कर्मचाऱ्याच्या पे-स्टबवर दर पंधरवड्याला बहुधा '८०.००' असा आकडा छापलेला असतो, मग त्या पंधरवड्यात तुम्ही ६० तास काम केलेलं असो की १००. तपासनीस ८० ला २६ ने गुणतो आणि २,०८० लिहितो. तुम्ही काहीच पुरावा दिला नाहीत, तर तुमच्या नोकरीचे तास २,०८०, आणि घरांसाठी त्याहून जास्त दाखवावे लागणार. दोन्हींची बेरीज आठवड्याला ८० तास होते, बाराही महिने. त्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्यातून काय वजा होतं? कायदा 'केलेलं काम' मोजतो, मिळालेला पगार मोजत नाही. पगार चालू पण काम नाही, असे दिवस वजा होतात. १० सार्वजनिक सुट्ट्या म्हणजे ८० तास, १५ दिवसांची रजा म्हणजे १२०. उरले १,८८०. आजारपणाचे ३ दिवस काढले की १,८५६. पूर्णवेळ नोकरीत यापेक्षा फार खाली जाता येत नाही, हे आधीच मान्य करा. ज्याने वर्षभर पूर्णवेळ नोकरी केली त्याच्या नावाचा दावा मी शक्यतो लढवू देत नाही. १,८५६ हून जास्त तास घरांना दिले असं म्हणायचं, तर नोकरी धरून आठवड्याला ७१ तास होतात, आणि न्यायाधीश हा भागाकार स्वतः करतात.

जिथे नोकरीचे तास खरोखर कमी होते, तिथे हा टप्पा जिंकून देतो. अशी उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत:

ले-ऑफ. मार्चअखेर नोकरी गेली, तर १३ आठवडे गुणिले ४० म्हणजे ५२०च्या आसपास तास. पण डब्ल्यू-२ वर सेव्हरन्स (नोकरी सोडताना मिळालेली भरपाई) धरून मोठी रक्कम दिसते आणि तपासनीसाला वाटतं वर्षभर नोकरी होती. ले-ऑफच्या नोटिशीच्या काळात बऱ्याचदा ६० दिवस पगार चालू असतो, लॅपटॉप मात्र पहिल्याच दिवशी परत घेतलेला असतो. म्हणून सेपरेशनचं (नोकरी संपल्याचं) पत्र शोधा आणि त्यातली 'कामाचा शेवटचा दिवस' आणि 'पगाराचा शेवटचा दिवस' या दोन्ही तारखांवर खूण करा. त्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. लॅपटॉप परत पाठवल्याची यूपीएसची पावती असेल तर तीही ठेवा.

बाळंतपणाची किंवा आजारपणाची मोठी रजा. रजा मंजूर झाल्याचं पत्र, आणि राज्याकडून भत्ता मिळाला असेल तर त्याचा तपशील. तारखा त्यात असतात.

अर्धवेळ किंवा तासावर काम. टाइमशीट मागा. डॉलर भागिले दर असं स्वतः गणित करून देऊ नका. बोनस, रजेचा पगार आणि ओव्हरटाइम त्यात मिसळलेला असतो.

कॉन्ट्रॅक्टवरचं काम. क्लायंटने मंजूर केलेल्या आठवड्याच्या टाइमशीट हा सगळ्यात भक्कम पुरावा. प्रोजेक्ट संपला की पोर्टलचा प्रवेश बंद होतो, तेव्हा आज डाउनलोड करा.

मालकाचं पत्र कसं असावं. मॅनेजरने मैत्रीखातर लिहिलेल्या दोन ओळींना फार वजन नसतं. पत्र एचआर किंवा पेरोलकडून, लेटरहेडवर हवं. त्यात नोकरीचा पहिला आणि शेवटचा दिवस, पूर्णवेळ की अर्धवेळ, ठरलेले साप्ताहिक तास, त्या वर्षी घेतलेल्या रजांचे दिवस, पगारी पण बिनकामाचा काळ, आणि ही माहिती कोणत्या नोंदींवरून दिली, एवढं असू द्या. एचआर तास लिहायला तयार नसेल, तर निदान रजांचा अहवाल मागा. तो द्यायला ते सहसा तयार होतात. विनंती ईमेलने करा, म्हणजे नकारही लेखी मिळतो. बॅज किंवा व्हीपीएनच्या नोंदी मिळाल्या तर उत्तमच, पण कंपनी त्या जास्त काळ ठेवेल याची खात्री नसते.

सावधान: 'माझी नोकरी ४० तासांची होती पण काम मी २५ तासांत उरकायचो' हे वाक्य उत्तरात लिहू नका, जोपर्यंत कंपनीची नोंद तसं म्हणत नाही. कोर्ट अशा ठिकाणी मालकाची नोंद धरतं. शिवाय तुम्ही लेखी कबूल करताय की पूर्ण पगार घेऊन पूर्ण काम केलं नाही.

तपासा: दुसरा डब्ल्यू-२, शेड्यूल सी वरचा छोटा धंदा, शनिवारचे गाण्याचे किंवा भरतनाट्यमचे पैसे घेऊन चालवलेले क्लास: हे सगळे तास नोकरीच्या बाजूला जातात. बिनपगारी मंडळाचं किंवा देवळाचं काम हा धंदा नाही, ते यात येत नाही.

## ३. जे तास मोजायचेच नाहीत, ते आधी बाहेर काढा

घरांच्या कामाची यादी करण्याआधी ही चाळणी लावा. नंतर लावली की बेरीज कोसळते आणि यादी बनावट दिसू लागते.

घर शोधण्यासाठी झिलोवर घालवलेल्या रात्री, भाड्याच्या धंद्यावरचे सेमिनार आणि पॉडकास्ट, बाजाराचा अभ्यास, स्वतःच्या माहितीसाठी हिशेब चाळत बसणं, हे गुंतवणूकदाराचं काम धरलं जातं. रोजच्या व्यवस्थापनात थेट हात असल्याशिवाय ते मोजत नाहीत.

'भाडेकरूचा फोन कधीही येऊ शकतो म्हणून मी सतत तयार असायचो', हे तास मिळत नाहीत. टॅक्स कोर्टाने २०१० मध्ये नेमका हा युक्तिवाद फेटाळला. फोन आला आणि तुम्ही गेलात, तर ते तास मोजले जातात.

एखाद्या बिल्डरच्या किंवा रिअल इस्टेट कंपनीच्या नोकरीतले तास रिअल इस्टेटच्या बाजूला धरता येत नाहीत, त्या कंपनीत तुमची ५ टक्क्यांहून जास्त मालकी असल्याशिवाय. ते नोकरीच्याच बाजूला राहतात.

राहत्या घराचं काम, आणि ज्यात तुमची मालकी नाही अशा घराचं काम बाहेर. सासऱ्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटचा भाडेकरार तुम्ही रात्री जागून केला असेल, तरी तो यात नाही.

प्रवासाच्या वेळेबद्दल कोर्ट हात आखडता घेतं. तो वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्याच्याशिवाय आकडा पुरतो का ते बघा.

## ४. घरांचे तास: पुराव्यातून नोंद, आठवणीतून नाही

रोजची डायरी असलीच पाहिजे असं नियम म्हणत नाही. भेटींची वही, कॅलेंडर, केलेल्या कामाचं वर्णन अशा कोणत्याही वाजवी मार्गाने तास दाखवता येतात. पण अंदाजपंचे आकडा कोर्ट मान्य करत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये तुमची सगळी मेहनत आहे.

क्रम असा ठेवा. आधी पुरावे तारखेनुसार एकत्र करा: बँकेची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स, होम डेपोच्या पावत्या, भाडेकरूंचे मेसेज, ईमेल, फोन कंपनीची कॉल यादी, टोलच्या ई-झेडपासच्या नोंदी, फोटोंवरची वेळ, गूगल मॅप्सची टाइमलाइन. मग प्रत्येक पुराव्यासमोर काम लिहा. सगळ्यात शेवटी तास. जो माणूस तासांपासून सुरुवात करतो, तो नकळत बेरजेकडे बघून लिहू लागतो.

चांगली नोंद अशी दिसते:

*१४ मे, एडिसनचं घर. वॉटर हीटर गळत असल्याचा भाडेकरूचा मेसेज सकाळी ७:५२. प्लंबरशी दोन फोन. स्वतः जाऊन भेटलो, जुना हीटर काढताना थांबलो, शट-ऑफ वाल्वची पावती ९:४०, काम झाल्याचा फोटो १२:०५. त्या घरी असलेला वेळ २ तास ४५ मिनिटं. प्रवास ५० मिनिटं, वेगळा.*

आणि वाईट नोंद अशी: *मे महिना, देखभाल, ४० तास.*

वाईट नोंद खरी असू शकते. पण ती तपासता येत नाही, आणि जी तपासता येत नाही ती पडते.

पुरावा नसलेली खरी कामंही असतात. घर रंगवायला तुम्ही तीन शनिवार गेलात आणि रंग आधीच आणलेला होता. अशी कामं लिहा, पण 'पुरावा: साक्ष' असं स्पष्ट नोंदवा आणि सोबत शेजारी, भाडेकरू किंवा रंगाऱ्याचं सही केलेलं निवेदन जोडा. अशा नोंदी एकूण तासांत थोड्याच असतील तर चालून जातात.

सावधान: प्रॉपर्टी मॅनेजर नेमलेला असेल तर त्याचा करार तपासनीस मागणारच. करारात भाडं गोळा करणं, दुरुस्त्या आणि भाडेकरू शोधणं त्याच्याकडे असेल, तर तुमच्या यादीत तीच कामं का आहेत, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

### एअरबीएनबीवाल्यांचं गणित वेगळं

पाहुण्यांचा सरासरी मुक्काम ७ दिवस किंवा कमी असेल, तर ते घर या कायद्यासाठी 'रेंटल' धरलं जात नाही. मग ७५० आणि 'निम्म्याहून जास्त' या दोन्ही अटी लागत नाहीत, फक्त प्रत्यक्ष सहभाग दाखवायचा. त्यासाठी बहुतेक जण '१०० हून जास्त तास आणि इतर कोणाहीपेक्षा कमी नाही' ही कसोटी वापरतात, आणि इथे लोक स्वतःचे तास लिहून थांबतात. सफाईला येणाऱ्या बाईंचे तास कोण सिद्ध करणार? वर्षात ६० वेळा पाहुणे बदलले आणि दर वेळी अडीच तास सफाई झाली, तर तिचे १५० तास होतात. तुमचे १३० असतील तर दावा गेला. सफाईची बिलं, वेळापत्रक आणि को-होस्टचा (पाहुण्यांची सोय बघणाऱ्या मदतनीसाचा) हिशेब सोबत जोडा.

## ५. दोन्ही कॅलेंडर एकमेकांवर ठेवा

सादर करण्याआधीचा हा टप्पा जवळजवळ सगळेच टाळतात. नोकरीच्या नोंदी आणि घरांच्या नोंदी एकाच वर्षाच्या कॅलेंडरवर, दोन रंगांत चढवा.

मंगळवारी सकाळी १० ते ३ तुम्ही घर क्रमांक २ वर होता, आणि त्याच दिवशी ऑफिसच्या बॅजची नोंद ९ ते ५ आहे? एक नोंद चुकीची आहे, कोणती ते शोधा. दर शनिवारी बरोबर ४ तास, वर्षभर, एकही शनिवार न चुकता? असं आयुष्य कोणाचं नसतं, आणि तपासनीसालाही ते माहीत असतं.

आणि पासपोर्ट काढा. दिवाळीला किंवा लग्नाला तुम्ही पाच आठवडे पुण्यात होता आणि त्याच काळात डॅलसच्या घराची 'प्रत्यक्ष पाहणी ३ तास' लिहिलेली असेल, तर ती एक ओळ बाकीच्या सगळ्या ओळींची पत घालवते. पुण्यातून भाडेकरूशी बोललात, कॉन्ट्रॅक्टरला पैसे पाठवले, तर तसंच लिहा. ते काम मोजलं जातं.

तपासा: एखादा आठवडा असा आहे का, जिथे नोकरी आणि घरं मिळून ७० तासांच्या वर जातात? असला तर त्या आठवड्यात नेमकं काय घडलं, ते पुराव्यासह सांगता आलं पाहिजे.

## ६. तपासनीसाला काय आणि कसं द्यायचं

फॉर्म ४५६४ वर (आयआरएसच्या कागदपत्रं मागणाऱ्या फॉर्मवर) जे मागितलंय, त्याच क्रमाने द्या. वर एका पानाचा सारांश: दावा कोणाचा, नोकरीचे तास किती आणि कशावरून, घरांचे तास किती आणि कशावरून. मग मालकाचं पत्र आणि रजेच्या नोंदी, मग तासांची यादी, मग क्रमांक दिलेले पुरावे. यादीतल्या प्रत्येक ओळीत पुराव्याचा क्रमांक असू द्या. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या.

ही यादी नोटीस आल्यावर तयार केली असेल तर तसं सांगा. 'त्या वेळच्या पुराव्यांवरून नंतर तयार केलेली नोंद' हे वाक्य तुम्हाला मारत नाही. फाइल परवा बनवून ती रोजची डायरी होती असं म्हणणं मात्र मारतं. एक्सेल फाइल कधी तयार झाली हे फाइलमध्येच दिसतं.

आणि यादी एकदाच द्या. ऑडिटमध्ये ८२० तास, अपीलमध्ये १,०५०, कोर्टात १,३००, असा वाढत जाणारा आकडा न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच पाचवा टप्पा सादर करण्याच्या आधी आहे.

## ७. नाकारलं तर

तपासणीचा अहवाल आणि सोबत ३० दिवसांचं पत्र येतं. पटत नसेल तर त्या मुदतीत अपील मागा. अपील अधिकारी तडजोडीचा विचार करू शकतो, तपासनीसाला तेवढी मोकळीक नसते, आणि पुरावा बरा असेल तर बरेच वाद इथेच मिटतात.

त्यानंतर येते ती डेफिशियन्सीची (कर कमी भरल्याची) नोटीस. तिच्यावर टॅक्स कोर्टात जाण्याची शेवटची तारीख छापलेली असते. अमेरिकेतल्या पत्त्यावर आलेल्या नोटिशीला ९० दिवस, परदेशातल्या पत्त्याला १५०. आयआरएसशी फोनवर बोलणी चालू आहेत म्हणून ही तारीख पुढे जात नाही. याचिकेची फी ६० डॉलर आहे आणि ती ऑनलाइन दाखल करता येते. वादाची रक्कम त्या वर्षासाठी ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर 'स्मॉल केस' मागता येते. कामकाज सोपं असतं, पण निकालावर पुढे अपील नाही.

सावधान: भारतात कायमचे परत आला असाल तर फॉर्म ८८२२ भरून पत्ता बदला. नोटीस तुमच्या शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर गेली की ती पोहोचली असं धरलं जातं, मग तिथे आता दुसरंच कुटुंब राहत असलं तरी.

आकडे बसत नसतील तर दावा सोडून देणं हाही एक निर्णय आहे, आणि तो लवकर घेतलेला बरा. नाकारलेला तोटा बुडत नाही. तो फॉर्म ८५८२ वर (पॅसिव्ह तोट्याच्या फॉर्मवर) पुढे ओढला जातो, पुढच्या वर्षांच्या पॅसिव्ह उत्पन्नातून वजा होतो, आणि ते घर पूर्णपणे तिऱ्हाइताला विकलं की उरलेला तोटा मोकळा होतो. खर्च वाढवतो तो २० टक्क्यांचा दंड आणि व्याज. दंडासाठी वेगळी बाजू मांडा: रिटर्न भरताना सल्ला कोणाचा घेतला, त्याला कोणती माहिती दिली होती, ते ईमेल जोडा.

दावा सोडलात तर पुढच्या वर्षांची रिटर्न्सही उघडून बघा. हाच दावा तिथेही केलेला असेल, तर तपासनीस ती वर्षं उघडण्याआधी १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) भरून दुरुस्त करा, आणि सुधारलेल्या फॉर्म ८५८२ वरचा पुढे ओढलेला तोटा प्रत्येक वर्षी आधीच्या वर्षाशी जुळतोय का, ते ओळीने तपासा.